वयर बरा आसा

परबअप्पा पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले तेव्हा उंबऱ्यातच उभे राहिले. या या म्हटलं तरी आत येईनात. हातातली लांब काठी त्यांनी वर केली, छताला टक टक केली, मान तिरकी करून ऐकलं. मग दोन पावलं आत, पुन्हा टक टक. असे चारही कोपरे झाले, तोवर चहा निवला. शेवटी त्यांनी काठी खाली टेकली, "वयर बरा आसा" म्हणाले, म्हणजे वर ठीक आहे, आणि जणू काही झालंच नाही असे खुर्चीवर बसले.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? मी विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइमकीपर, घर मुलुंडच्या दुमजली चाळीत तळमजल्यावर. दिवसभर लोकांच्या वेळा लिहून डोकं उठलेलं असताना कुणी आपलं छत तपासावं ही काय रीत झाली? शिवाय डोक्यावर कर्णिक राहायचे. खालून टक टक झालं की ते वरून धप धप पाय आपटायचे. म्हणजे मला दोन्हीकडून.

अप्पांची मुलगी सुमन आमची शेजारीण. बिचारी दुसऱ्या दिवशी माफी मागायला आली आणि तिनं मला सगळं सांगितलं. अप्पा मालवणकडचे. त्यांच्या वाडीतली माणसं मुंबईत गिरणीत चिकटली, हे मात्र कुणाच्या तरी नादानं चांद्याकडे कोळशाच्या खाणीत गेले आणि ओव्हरमन झाले. ओव्हरमन म्हणजे पाळीवरचा मुकादम. पण नुसतं माणसांवर ओरडायचं काम नव्हे. पाळी सुरू व्हायच्या आधी त्यानं आत जायचं, छत ठोकून कुठे पोकळ वाजतंय का बघायचं, दिव्याच्या ज्योतीवरून वायू आहे का ओळखायचं, आणि बाहेर येऊन वहीत 'तपासले, सुरक्षित' असं लिहून सही करायची. ती सही झाल्याशिवाय एकही माणूस आत जात नाही. बायको वारल्यावर सुमननं त्यांना हट्टानं इथे आणलं, पण ती सवय काही खाणीत राहिली नाही.

आमच्या सत्यनारायणाला तर त्यांनी कहर केला. भटजी पोथी घेऊन दारात, पंधरा-वीस माणसं ओट्यावर, आणि अप्पा आत एकटे काठी घेऊन. कुणी पाऊल टाकलं की डावा हात आडवा. भटजी म्हणाले, अहो मुहूर्त टळतोय. अप्पा शांतपणे म्हणाले, टळू दे, मुहूर्त उद्याही मिळेल. पूजा झाल्यावरही सगळ्यात शेवटी तेच बाहेर पडले, माणसं मोजून. आत गेली तेवढी बाहेर आली पाहिजेत म्हणे. प्रसाद खाऊन माणसं कुठे गडप होणार होती, देव जाणे.

पण खरी भानगड पुढेच होती. सत्तावन्न साली खाणीचे नवे नियम आले. अप्पांचा कागद लढाईच्या काळातला. माणसं कमी म्हणून तेव्हाच्या गोऱ्या मॅनेजरनं चार ओळी खरडून तात्पुरता परवाना दिला होता. तो तात्पुरता परवाना चौदा वर्षं चालला. आता खाणीच्या हपिसातून पत्र आलं की हा कागद चालायचा नाही, ओव्हरमन म्हणवून घ्यायचं असेल तर बोर्डापुढे परीक्षा द्या.

अप्पा पत्र घेऊन माझ्याकडे आले. पन्नाशी उलटलेला माणूस, पण शाळकरी पोरासारखं पत्र दोन्ही हातांनी पुढे धरलेलं. म्हणाले, तुला इंग्रजी येतं, मला नियम वाचून दाखव. झालं! रोज कारखान्यातून आलो की मी वाचायचं आणि त्यांनी पाठ करायचं. हवा किती हवी, टेकूचे खांब किती अंतरावर, सुरुंगानंतर किती वेळ थांबायचं. मी एक ओळ चुकलो तर ते मलाच दुरुस्त करायचे. मग मी वाचतोय कशाला, असं एकदा चिडून विचारलं. ते म्हणाले, "वाच रे. छापलेला वेगळा असता."

एकदा सुमननं मला नळावर गाठलं. हळूच म्हणाली, "भाऊजी, फार मन लावून शिकवू नका ना. पास झाले तर परत जातील. त्यांचे गुडघे बघितलेत का?" तिचंही खरंच होतं. एकाला पास करायचं आणि दुसरीला नापास हवं, मी मधल्या मधे लटकलो.

परीक्षा नागपूरला. माझी बहीण तिथेच, म्हणून सुमननं मलाच त्यांच्याबरोबर पाठवलं. हपिसात मोठी खोली, टेबलामागे तीन साहेब, मी बाहेर व्हरांड्यात बाकावर. दार उघडंच होतं. अप्पांचं नाव पुकारलं. ते दारात थांबले आणि माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. अहो, काठी!

टक टक. इथे आवाज निराळाच आला, ढब ढब. अप्पांचा चेहरा बदलला. एक पाऊल पुढे जाऊन पुन्हा ठोकलं. ढब. मग साहेबांकडे वळून अगदी सावकाश, पाळीवर बोलावं तसं म्हणाले, "सगळ्यांनी भायर."

कडेचे दोन साहेब हसायला लागले. मधला टकलू, म्हातारा, तो हसला नाही. त्यानं फाइल मिटली, उठला आणि मुकाट्यानं बाहेर आला. तो उठल्यावर बाकीचे दोघेही आले. अप्पांनी मला बाकावरून उठवलं, तो बाक दारात आडवा लावला, म्हणजे चुकून कुणी आत जायला नको. आणि अप्पांची परीक्षा व्हरांड्यात उभ्या उभ्या झाली.

उत्तरं बरी दिली. शेवटी म्हाताऱ्या साहेबानं विचारलं, छताची शंका आहे पण खात्री नाही, अशा वेळी काय करायचं?

"आता केलंय ता," अप्पा म्हणाले.

मग हपिसातल्या शिपायानं सांगितलं. उकाडा कमी व्हावा म्हणून साहेबांच्या खोलीत खऱ्या छताखाली पातळ फळ्यांचं दुसरं छत बसवलं होतं. ते पोकळच वाजायचं. अप्पांनी जन्मात असलं छत पाहिलं नव्हतं. ते एकदम खाली बसले. तीन साहेबांना त्यांच्याच खोलीतून हाकलून दिलं होतं त्यांनी! परतीच्या गाडीत कल्याण येईपर्यंत डब्याच्या छताकडे बघत बसले. नंतरचे दोन महिने तर बघवत नव्हतं. जेवण तुटलं. पोस्टमन दिसला की उभे राहायचे, आणि तो पुढे गेला की आत जाऊन छत ठोकायचे. कर्णिकांनीसुद्धा पाय आपटणं सोडलं.

एका शनिवारी पाकीट आलं. अप्पांनी ते माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी वाचलं. पास. खाली शिक्का, सही, सगळं. सुमन एकदम रडायला लागली. पास झाले म्हणून की आता जाणार म्हणून, तिलाच कळलं नसेल. मीच धीर करून विचारलं, "अप्पा, मग निघणार कधी?"

"खंय जातलंय रे आता? गुडघे खंय आसत?"

मी खरंच भडकलो. म्हटलं, जायचंच नव्हतं तर सहा महिने माझं डोकं का खाल्लंत? ते कागद हातात घेऊन बराच वेळ शिक्क्यावरून बोट फिरवत बसले.

"चौदा वर्सां सही केलंय," ते म्हणाले. "माझ्या सहीवर माणसां भितर गेली. सगळी परत इली. पण ती माझ्या नशिबान इली की माझ्या कानान, ह्या माका कळूक होया होता."

सुमन त्यांच्या पायाशी बसली होती, ती तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी अप्पा आमच्याकडे आले, काठी दाराशी टेकवली, सरळ आत येऊन खुर्चीत बसले आणि चहा यायच्या आधीच त्यांना डुलकी लागली. माझी बायको घाबरली, मला खुणेनं म्हणाली, ह्यांना बरं नाही वाटतं, ठोकलं नाही. तिनं सुमनला हाक मारली. इतक्यात जिन्यावरून कर्णिक उतरले. कधी नव्हे ते हळू आवाजात विचारलं, "आज आवाज नाही आला. ठीक आहेत ना?"

अप्पा घोरत होते. इतके महिने झाले, त्यांना असं झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. सुमन आणि कर्णिक दारातच थांबले होते, कुणीही उंबरा ओलांडेना. मग मीच ती काठी उचलली आणि अप्पांची झोप मोडणार नाही अशा बेतानं चारही कोपऱ्यांत ठोकून बघितलं. मला त्यातलं काय कळतंय, पण कान देऊन ऐकलं.

"वयर बरा आसा," मी हळूच म्हणालो. तेव्हा कर्णिक चपला काढून आत आले.