पाणी न घालायचा कूलर

आमच्या कॉलनीत ज्याच्या कोपराची उंची भास्करनानांना ठाऊक नाही असा माणूस सापडणं कठीण आहे. भाजीच्या गाडीपाशी, दूध घेताना, एकदा तर सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत नाना मागून यायचे, "जरा सरळ उभं राह्य" म्हणायचे, हात कोपरात वाकवायला लावायचे आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरायचे. आकडा बघून "मापात नहीं" एवढं बोलून निघून जायचे. आपण नक्की कशाच्या मापात नाही हे न कळल्यामुळे तो बिचारा दिवसभर अस्वस्थ राहायचा.

मी पतसंस्थेत कॅशियर आहे. दिवसभर लोकांच्या नोटा मोजते आणि घरी आल्यावर लोकांच्या भानगडी. चौकशीखोर म्हणून कॉलनीत माझी ख्याती आहे आणि ती मी नाकारत नाही. त्यात धुळ्यात आमची आणि नानांची भिंत एकच. त्यामुळे नानांचं काय चाललंय ते शोधायला मला फार वेळ लागला नाही. नाना व्हिडिओ गेमची पेटी बनवत होते. पूर्वी पार्लरमध्ये असायची ना, कपाटाएवढी, वर पडदा आणि खाली दांडी नि बटणं, उभ्याने खेळायची, तीच.

नाना नरडाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण स्टोअर त्यांच्याबरोबर घरी आलं. लोणच्याच्या बरण्यांत नटबोल्ट असतात आणि लोणचं कुठे असतं ते फक्त त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना माहीत. "बठ्ठं मापात पाह्यजे", म्हणजे सगळं मापात हवं, हा त्यांचा एकमेव आग्रह. शेवभाजीत शेव जास्त पडली तर ती मापात नाही, पाहुणा जास्त वेळ बसला तर तो मापात नाही. जावई पहिल्यांदा घरी येऊन गेला तेव्हाही नाना हेच म्हणाले होते. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

पेटीचा नकाशा त्यांनी घरापुढच्या ओट्याच्या भिंतीवर खडूने काढला, पूर्ण आकाराचा. पडदा, दांडी, सहा बटणं, सगळं खडूचं. आल्यागेल्याला त्या भिंतीसमोर उभं करून खेळायला लावायचे. विजेचं मीटर वाचायला आलेला एक गृहस्थ भिंतीवरची बटणं दाबत बराच वेळ उभा होता. मान दुखते का, हात अवघडतो का, असं नाना त्याला विचारत होते. जाताना त्याने मला हळूच विचारलं, "यांच्या घरी दुसरं कोणी असतं ना?"

प्लायवुडचा भाव ऐकून नाना दुकानातून तसेच परतले. तयार दांडी-बटणांची किंमत मी त्यांना मोबाइलवर दाखवली तर त्यांनी चटका बसल्यासारखा मोबाइल परत दिला. मग त्यांना कूलर सुचला. सलीमभाई त्यांचे जुने मित्र, पत्रा कापून कूलर बनवतात. त्यांच्या दुकानामागे एका जुन्या कूलरचा सांगाडा पडला होता. पंख्याच्या भोकात बंद पडलेल्या सायबर कॅफेतला पडदा असा बसला की जणू त्याच्यासाठीच ते कापलं होतं. खालच्या पाण्याच्या टाकीत एक फळी टाकून तिच्यावर जुना कॉम्प्युटर ठेवला. बटणं म्हणून दारावरच्या बेलची बटणं आणली. दांडीसाठी काय करावं, या विवंचनेत नाना दोन दिवस होते. तिसऱ्या दिवशी काकूंचं लाटणं हरवलं.

हे सगळं कुणासाठी, हा माझा प्रश्न मात्र तसाच होता. नानांना नातवंड नाही. थोरला मुलगा जळगावला, त्याला सणालाही यायला सवड नसते. एका दुपारी नाना माझं कोपर मोजायला आले. टेप बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"मापात शे," ते म्हणाले. "तू आन् आमनी शुभा, एकच मापन्या."

मग मला सगळं कळलं. शुभा त्यांची धाकटी. सुरतेला दिलेली. गेल्या काही आखाज्यांना ती आली नव्हती. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात त्या सणाला लेकी माहेरी येतात, त्यांच्यासाठी झोका बांधतात, गाणी म्हणतात. सण झाला की झोका सुटतो आणि लेकी सासरी जातात. या वर्षी शुभा येणार होती. सासरचे म्हणत होते, सण कर आणि परत ये. तिने मात्र फोनवर आईला रडत सांगितलं होतं की तिथे आता राहवत नाही. परत जाणार का, या प्रश्नावर तिचं एकच उत्तर होतं, बघू. काकू फोनवर हे ऐकत होत्या तेव्हा नाना शेजारीच बसलेले होते. ते उठले आणि टेप घेऊन बाहेर पडले.

"पण गेमची पेटीच का, नाना?" मी विचारलं.

ते बराच वेळ टेप गुंडाळत राहिले. "धाकली व्हती तवय एकदाव इचारं तिनी, मी बी जाऊ का पार्लरमा खेळाले. मी सांगं, पोरी नहीं जातस तठे. मंग परत कधी इचारंच नहीं."

एवढं बोलून ते बटणं लावायला गेले. मी मात्र त्या दिवशी त्यांच्याबद्दल कुणाला काही सांगितलं नाही, आणि माझ्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती.

आखाजी आठवड्यावर आली आणि घात झाला. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा घरातलं भांडं न् भांडं भरून घ्यायचं, आणि उन्हाळ्यात कूलरच्या टाक्याही. नाना बाजारात गेले होते. काकूंनी नेहमीप्रमाणे माजघरातला कूलर भरला, झोपायच्या खोलीतला भरला, आणि पाइप ओढत ओढत ओट्यावर आल्या. नाना परतले तेव्हा कॉम्प्युटर पाण्याखाली होता आणि टाकी काठोकाठ भरली म्हणून काकू समाधानाने पाइप गुंडाळत होत्या. पेटी बंद होती एवढंच नशीब.

"कूलर शे ना तो?" काकू म्हणाल्या. "मंग पानी नहीं टाकानं का?"

नानांनी हातातली पिशवी खाली ठेवली. ते ओट्याच्या पायरीवर बसून राहिले. मी त्यांना इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला फार वाईट वाटलं. उपाय काकूंनीच काढला. गच्चीवर त्यांचे ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, वाळत होते. त्यांनी शेजारी दुसरी साडी अंथरली आणि कॉम्प्युटर उघडून त्याचे सगळे अवयव तिच्यावर मांडले. दोन दिवस त्या बिबडे उलटायच्या आणि त्याच हाताने कॉम्प्युटरही उलटायच्या. खानदेशातलं ऊन ते. कॉम्प्युटर चालू झाला. फक्त स्पीकर गेला तो गेलाच.

शुभा आली. हडकलेली, एकच बॅग घेऊन. संध्याकाळी कॉलनीतल्या बायका ओट्यावर जमल्या. त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण माझ्याही मनात तेच होतं. कुणी काही विचारायच्या आत नाना पुढे झाले आणि त्यांनी पेटीवरची चादर ओढली. शुभा त्या कूलरकडे बघतच राहिली. मग पुढे झाली. लाटण्याच्या दांडीवर तिचा हात बरोबर बसला, मान वर करावी लागली नाही की खांदा वाकवावा लागला नाही. पडद्यावर एक छोटं विमान उडायला लागलं.

"नाना, आवाज नहीं का येस?"

"त्याना कानमा पानी गयं," नाना अपराधी चेहऱ्याने म्हणाले.

शुभाने क्षणभर विचार केला आणि बटण दाबताना तोंडानेच सुरू केलं, "टुंय, टुंय, ढिश्श." विमान पडलं तेव्हा तिने लांबलचक "प्यांऽऽव" केलं. हुबेहूब. बायका हसायला लागल्या, मग तीही हसली.

"तुले कसं येस हाई?" नानांनी विचारलं.

"दादा आत खेळायचा ना, मी बाहेर त्याची सायकल धरून उभी असायची," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "दिसायचं काहीच नाही. ऐकू सगळं यायचं."

नाना वळून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सणाचं जेवण आटोपलं आणि सलीमभाई ड्रिल घेऊन हजर झाले. पेटीच्या चारही पायांजवळ ओट्याच्या फरशीला भोकं पाडायला लागले. आवाज ऐकून मी भिंतीवरून डोकावले. शुभाही बाहेर आली. नानांच्या हातात बोटभर जाडीचे बोल्ट होते.

"नाना, हाई कसाले?"

नाना बोल्टाकडे बघत होते. लेकीकडे बघून बोलणं त्यांना कधीच जमलं नाही.

"झोका आखाजी सरनी की सोडी लेतस," ते म्हणाले. "हाई नहीं सोडानं."

ड्रिल थांबलं होतं. सलीमभाई फरशीवरची पूड फुंकत उगाच खाली बघत राहिले. माझे डोळे भरून आले होते आणि मी भिंतीमागे पुसत होते. शुभा खाली बसली. नानांच्या हातातला एक बोल्ट तिने घेतला आणि भोकात सोडला.

"घट्ट बसवा, सलीमभाई," ती म्हणाली.