सूर्योदय समोरच्या बाजूस आहे

सूर्य उगवणे ही नैसर्गिक घटना असली, तरी तो कुठून पाहावा हा प्रशासकीय प्रश्न आहे. एका किनाऱ्यावर तो फार समजूतदारपणे सोडवला गेला. पूर्वेच्या टेकडीवर गाड्या लावायला जागा नव्हती. पश्चिमेला, समुद्राच्या कड्यावर, सूर्यास्तासाठी बाकं, कठडा आणि स्वच्छतागृह आधीच तयार होतं. तेव्हा सूर्योदयही तिथेच घ्यावा, असा ठराव एकमताने मंजूर झाला. (सूर्याचं म्हणणं मागवलं होतं. मुदतीत उत्तर आलं नाही.) बाकं समुद्राकडे तोंड करून सिमेंटात पक्की बसवलेली असल्याने दिशेबद्दल कुणाला शंका उरली नाही. पर्यटकांच्या पाहणीत शेकडा ब्याण्णव जणांनी हा सूर्योदय ‘अविस्मरणीय’ ठरवला. बाकी आठ जणांना तो दिसलाच नव्हता. त्यांना चष्म्याचा नंबर तपासून घेण्याचं सुचवण्यात आलं.

एक टेलरमास्तर तर डोळेच दुरुस्त करून आले होते. मोतीबिंदूपायी सुईत दोरा ओवायला सुनेला हाक मारावी लागे, याची त्यांना भारी लाज वाटायची. पट्टी सुटल्यावर मुलाने विचारलं, “बाबा, आता काय बघायचंय?”

“सूर्य उगवताना बघायचाय,” मास्तर म्हणाले.

उभ्या जन्मात त्यांनी तो पाहिला नव्हता. लोकांचे लग्नाचे कपडे रात्रभर शिवून त्या वेळी ते मशीनवरच डोकं टेकून झोपलेले असत. एवढी एकच हौस राहिली होती, आणि ती फिटेपर्यंत त्यांच्या जिवाला चैन नव्हतं.

डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा लावून मास्तर पहिल्या बाकावर बसले. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सून. समुद्र आधी करडा होता, मग जरा गुलाबी झाला. “आला, आला!” कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. मास्तरांनी डोळे ताणून पाहिलं. समोर नुसतं पाणी. ऑपरेशन फुकट गेलं की काय?

“दिसला ना, बाबा?” मुलाने विचारलं.

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. इतक्यात मानेला ऊब लागली. कापडाची सुलट कुठली आणि उलट कुठली, हे अंधारातही ओळखणारा तो माणूस. ते वळले. मागे गाड्यांच्या रांगेवर, स्वच्छतागृहाच्या टाकीला खेटून, लालबुंद गरगरीत सूर्य वर येत होता. मास्तर बाकावर गुडघे टेकून उलटे बसले आणि लहान मुलासारखे हमसून रडू लागले.

पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. “ओ आजोबा, सूर्योदय इकडे आहे!”

सून कानकोंडी झाली. “बाबा, समोर बघा ना. लोक हसतायत.”

“हसू देत गं. मला दिसतोय!”

(त्या दिवशीच्या अहवालात ‘एक वृद्ध पर्यटक चुकीच्या दिशेने आनंदित, समज देण्यात आली’ एवढाच उल्लेख आहे.)

आता मास्तरांचं कौतुक करता करता आपणही त्यांच्याच बाकावर होतो, असा समज वाचकांनी करून घेऊ नये. तुमच्या बैठकीच्या खोलीत अशाच एका कड्यावरचा पहाटेचा फोटो आहे. त्यात पाठीमागे समुद्र आहे आणि तुमच्या चेहऱ्यावर छान कोवळं ऊन पडलंय. म्हणजे सूर्य तुमच्या अगदी समोर होता, आणि तुम्ही मोबाईलकडे बघून हसत होतात.