वस्तीतला कचरा कोणी टाकायचा?

"ह्यांच्या वस्तीचा उकिरडा करून ठेवलात तुम्ही!" आई दारातूनच कडाडली.

जावई चहाचा कप हातात घेऊन जागच्या जागी थिजला. त्याने काहीच केलं नव्हतं, आणि नेमकं तेच चुकलं होतं. सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवरचा वस्ती वसवायचा गेम त्याने "जरा बघू" म्हणून उघडला आणि तसाच चालू ठेवून तो चहा करायला गेला. सासरे पाणी प्यायला उठले तरी आधी त्यातलं घड्याळ थांबवायचे. घड्याळ चालू राहिलं की वस्तीतली माणसं जगत राहतात, आणि माणसं जगली की कचरा होतो. आता कचऱ्याची गोदामं काठोकाठ भरली होती, गोण्या रस्त्यावर आल्या होत्या आणि पडद्यावर लाल सूचना लुकलुकत होत्या.

"आधीचं परत आणता येईल ना?" लेकीने विचारलं.

"नाही. बाबांनी सगळ्यात कडक प्रकार निवडलाय. झालं ते झालं. गेलेलं माणूस परत येत नाही."

जावयाला आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर कळलं. बाबांना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. निवृत्तीनंतर त्यांनी ही एकच गोष्ट पहिल्या विटेपासून उभी केली होती, आणि ती बुडाली तर कायमचीच बुडणार होती.

"सरका," आई म्हणाली आणि खुर्चीत बसली. "कुठे काय आहे ते दाखवा मला."

लेकीने दाखवलं. कचरा खरं तर भिंतीबाहेरच्या खड्ड्यात नेऊन टाकायचा असतो. बाबांनी तो कधीच टाकला नव्हता. एक गोदाम भरलं की त्याच्या शेजारी दुसरं बांधलं होतं.

"इथेही तेच!" आईचा आवाज चढला. "माळ्यावर जळलेले पंखे, फुटक्या बादल्या, बिनकाट्यांची घड्याळं! का? तर उपयोगी पडतील. घर पुरलं नाही म्हणून ह्यांनी गावभर माळे बांधले!"

"मग आता?"

"आता काय? कपाट लावताना काय करतो आपण? आधी सगळं बाहेर काढतो."

"आई, हे कपाट नाही."

"कपाटच आहे. जरा मोठं आहे, एवढंच."

आईने पडद्यावरच्या 'सगळे' या शब्दावर बोट ठेवलं आणि लेकीने हुकूम सोडला: सगळ्यांनी सगळी गोदामं रिकामी करावीत. वस्तीतली माणसं आज्ञाधारक होती. स्वयंपाकी हातातला झारा टाकून धावला, डॉक्टर रोग्याला तसाच सोडून धावली. बघता बघता चौकात गोण्यांचा डोंगर झाला आणि त्याला टेकून बटाट्यांचा. मग गोदामं धुतली गेली.

"आता पटकन आत ठेवायला सांगू?" लेक म्हणाली.

"ओल्यात ठेवतेस? वाळू दे की जरा."

गोदाम वाळण्याची सोय गेममध्ये नव्हती. ते वाळायची वाट बघता बघता चौकातले बटाटे नासले. नासला बटाटा म्हणजे कचरा, त्यामुळे कचरा वाढला. स्वयंपाकी ओझी वाहत होता म्हणून लोकांनी तेच बटाटे कच्चे खाल्ले. खाल्ले म्हणून आजारी पडले. आजारी पडून त्यांनी जे केलं तेही गेमच्या हिशेबात कचराच होतं.

आडव्या पडलेल्या एका माणसावर लेकीने बाण नेला, तर अक्षरं उमटली: 'जावईबापू. काम: कचरा.'

"मला कचऱ्यावर ठेवलंय?" जावयाने कप दाणकन खाली ठेवला. "मी इंजिनियर आहे!"

"विश्वासाने दिलं असेल रे."

"तू कोण आहेस ते बघ आधी. डॉक्टर! बँकेत नोकरी करतेस तू!"

"बाबांची फार इच्छा होती," लेक हळूच म्हणाली.

"आणि मी?" आईने विचारलं.

आई चौकात सापडली. तिला बागेजवळचं खिडकीचं घर होतं, आणि कामाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'विश्रांती'. पण मघाचा हुकूम सगळ्यांना होता. त्यामुळे ती बिचारी पहिल्याच खेपेत एका गोणीवर कंबर धरून बसली होती.

"विश्रांती!" आई लाल झाली. "जन्मभर उठता-बसता चहा करायला लावलं ह्यांनी, आणि इथे मला बसवून ठेवलंय? लोक काय म्हणतील? आणि हे स्वतः कुठायत?"

बाबा भिंतीवर होते. हात मागे बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते. काम: देखरेख. देखरेख करणाऱ्याला 'सगळे' हा हुकूम लागू होत नसे, म्हणून अख्ख्या वस्तीत तेवढे एकटेच धडधाकट उरले होते.

"हेच! अगदी हेच!" आईने टेबलावर हात आपटला. "वस्ती आडवी झालीय आणि हे बघतायत! लावा त्यांना कामाला."

"आई, जरा थांबा," जावई म्हणाला. "बाहेर बर्फ आहे आणि त्यांनी स्वतःचं वय खरं तेवढंच लावलंय. खड्ड्यापर्यंत गेलेलं म्हातारं माणूस परत येईलच असं नाही."

आईचा हात माउसवर थांबला.

"नाही गेले तर?"

"तर कोणीच उरणार नाही."

तिने बटण दाबलं. भिंतीवरची आकृती खाली उतरली, तिने एक गोणी उचलली आणि ती फाटकाबाहेर गेली. भिंतीपलीकडचं पडद्यावर दिसत नसे. तिथे नुसता काळोख होता.

फाटक उघडंच होतं.

"स्वेटर घातलाय का त्यांनी?"

"आई, गेममध्ये कसला..." लेक थांबली. "हो. घातलाय."

फाटकातून आकृती आत आली, रिकाम्या हातांनी. आईने सोडलेला श्वास दोघांनाही ऐकू आला. आकृतीने दुसरी गोणी उचलली, मग तिसरी. प्रत्येक वेळी आई फाटकाकडे बघत राहायची. चौक हळूहळू मोकळा झाला, उरलेले बटाटे आत गेले, डॉक्टर उठून बसली.

"म्हणजे जमत होतं ह्यांना!" आई संतापून म्हणाली. "चांगलं जमत होतं! आणि मी मेली रोज बादली घेऊन जिना उतरत होते!"

पण थोड्या गोण्या राहिल्या असतानाच तिने बाबांचं काम बंद केलं. "पुरे. दमले ते. जावईबापू उठले का?"

"आत्ताच उठलेत, पण त्यांना अजून अशक्तपणा..."

"मग त्यांना लावा."

"आई!" जावई ओरडला.

आईचं लक्ष नव्हतं. बाबा पुन्हा भिंतीवर चढले होते आणि हात मागे बांधून फिरायला लागले होते.

"आई, तुझी विश्रांती परत लावू?" लेकीने विचारलं.

"काही नको. मला देखरेखीला लाव."

"वस्तीच्या?"

"वस्तीच्या कशाला? ह्यांच्या."