वत्सलाअक्कांची उडी

गेममधला राजकुमार तलवार उपसून तयार आहे, समोर राक्षसांची फौज उभी आहे, नगारे वाजतायत, आणि राजकुमार काय करतोय? तर गावाच्या भिंतीला खांदा घासत चालतोय. एक भिंत झाली की दुसरी. मग विहीर. मग विहिरीमागचा कट्टा. राक्षस बिचारे ताटकळत उभे. असं दिसलं की ओळखावं, कंट्रोलर वत्सलाअक्कांच्या हातात आहे.

आमची कंपनी हैदराबादेत गेम बनवते आणि अक्का तिथं टेस्टर आहेत. गेम बाजारात जायच्या आधी त्यातल्या चुका शोधायच्या, अगदी कुठल्या भिंतीतून राजकुमार आरपार जातोय का इथपासून, आणि लिहून काढायच्या, हे त्यांचं काम. वय छप्पन्न. आमच्या धंद्यात हा आकडा ऐकून लोक आधी हसतात आणि मग "खरंच?" म्हणून विचारतात. इथं तिशी उलटलेला 'सीनियर' असतो. पस्तिशी उलटलेल्याला 'लेजंड' म्हणतात, आणि लेजंड म्हटलं की त्या माणसानं दुसरी नोकरी बघायला घ्यावी. मी छत्तीसचा, या गेमचा लीड डिझायनर. कानशिलावरचे पांढरे केस दर दुसऱ्या रविवारी चिक्कडपल्लीच्या सलूनमध्ये काळे करून घेतो आणि घरी सांगतो, गर्दी होती म्हणून उशीर झाला.

अक्कांना असली चोरी नाही. केस पांढरेशुभ्र. चष्मे दोन, एक स्क्रीनसाठी आणि एक माणसांसाठी. त्यातला एक नाकावर आणि एक डोक्यावर. रोज मलकपेठहून मेट्रोनं येतात, पिशवीत ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. आजोबा निजामाच्या राज्यात बीदरकडं शेती करायचे, वडील नोकरीसाठी शहरात आले, त्यामुळे अक्कांची भाषा निम्मी शिवारातली आणि निम्मी चारमिनारची. मी कामाची घाई करायला लागलो की म्हणतात, "घाई कायकू? भिंत कुठं पळून चालली?"

एकदा दिवाळीच्या आधी मी त्यांच्याबरोबर बेगम बाजारात गेलो होतो. अक्कांना स्टीलचा डबा घ्यायचा होता. झाकण लावायचं, काढायचं. ओल्या हातानं, डाव्या हातानं, डबा आडवा धरून. चाळीसएक वेळा तरी झालं असेल. शेवटी दुकानदार वैतागला. "अम्मा, डब्बा लेरै क्या दामाद देखरै?"

अक्का मान वर न करता म्हणाल्या, "दामाद तो वापस भी भेज सकते. तुम डब्बा वापस लेते क्या?"

आणि त्याच वेळी झाकण अडकलं. दुकानदारानं निमूटपणे दुसरा डबा काढला. अक्कांनी तोही पहिल्यापासून तपासायला घेतला, तेव्हा मी चहा प्यायला निघून गेलो.

तर अशा या बाईंनी गेल्या उन्हाळ्यात आमच्या दरीवर बोट ठेवलं. शेवटून दुसऱ्या लेव्हलला राजकुमारानं बुरुजावरून उडी मारून एक दरी ओलांडायची आहे. बुरुजाच्या अगदी टोकाला पाय पडला की त्याच क्षणी बटण दाबायचं. जरा आधी दाबलं तरी पडतो, जरा नंतर दाबलं तरी पडतो. ही दरी बनवली साईतेजानं. वय वर्षं तेवीस. त्याला डोळे मिटून जमायची. मंजुरीची सही माझी होती.

अक्कांनी लिहिलं, "दरी ओलांडता येत नाही." साईतेजानं शेरा मारला, चूक नाही, असंच बनवलंय. अक्कांनी पुन्हा लिहिलं. त्यानं पुन्हा तोच शेरा. असं चार वेळा झालं. ऑफिसात हसाहशी सुरू झाली. "आंटी के फिंगर्स स्लो हैं, सर," साईतेजा मला म्हणाला. पोरगा वाईट नाही, पण तेवीस वर्षांच्या माणसाला दुसऱ्याची बोटं कशी कळणार?

हसण्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण टेस्टर लोकांचं कंत्राट आमच्याकडे दर वर्षी नव्यानं करतात, आणि ती वेळ जवळ आलेली. डायरेक्टर बाईंनी मला बोलावून सांगितलं, "वत्सलांचे हात अजून चालतात का, एवढं मला लिहून द्या. मीटिंगमध्ये ठरवू." म्हणजे अक्कांची नोकरी माझ्या एका कागदावर आली. मी कागद उघडला आणि त्यावर 'प्रतिसाद थोडा मंद' असं लिहिलं. पुढं काही सुचेना म्हणून तो तसाच ठेवला.

अक्कांच्या कानावर हे गेलंच. दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोन ते चार त्यांनी दरीला दिले. राजकुमार धावायचा, पडायचा. धावायचा, पडायचा. येणारे-जाणारे डोकावून जायचे, कुणी म्हणायचं, "आज किती, आंटी?" अक्का आकडा सांगायच्या, अगदी खरा. अंगठ्याला त्यांनी पट्टी बांधली. मग पट्टीमुळं बटण नीट लागत नाही म्हणून काढून टाकली. रविवारीही येऊन बसल्या. मी म्हटलं, अक्का, जाऊ द्या आता. "तुम्ही तुमचं काम करा," म्हणाल्या.

एकोणिसाव्या दिवशी राजकुमार पलीकडे उतरला.

सगळा मजला उठून टाळ्या वाजवायला लागला. साईतेजानं तर त्यांना खाली वाकून नमस्कार केला. अक्कांनी टाळ्या संपेपर्यंत थांबून उडी पुन्हा मारली. मग पुन्हा. एकदा जमलं ते त्यांच्या लेखी जमणं नव्हेच. ओळीनं सहा वेळा पलीकडे गेल्या आणि पाचव्यांदा तीच चूक लिहिली: "दरी ओलांडायला एकोणीस दिवस लागले. खेळणारा पाच मिनिटं थांबेल. दरी लहान करा."

मला हसू आवरेना. साईतेजाला मात्र आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंग होती. त्याच्या तासभर आधी अक्कांनी मला कँटीनमध्ये गाठलं. समोर चहा ठेवला आणि चार माणसांत 'सर' म्हणणाऱ्या अक्का एकेरीवर आल्या.

"रवी, एक विचारू का? ती दरी तू कधी ओलांडलास?"

"ओलांडली की. मंजुरी माझीच आहे."

"हौ, मंजुरी तुझी. उडी कुणाची?"

मी चहा ढवळत बसलो. आम्हा बनवणाऱ्यांसाठी गेममध्ये एक चोरवाट असते. एक बटण दाबलं की राजकुमार थेट पलीकडे.

"मशीनमंदी सगळी नोंद ऱ्हाते, बाळा," अक्का म्हणाल्या. "एकशे चार वेळेस उडी मारलास आणि एकशे चार वेळेस पडलास. मग चोरवाटेनं गेलास आणि सही केलास."

"कधीपासून माहितीय तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाही? एवढे हसत होते तुम्हाला. माझं नाव सांगितलं असतं तर प्रश्न मिटला असता."

"मी छप्पन्नची. मला म्हातारी म्हणले तर नवीन काय म्हणले? तू छत्तीसचा. तुला एकदा म्हणले की इथं बी ठेवत नाहीत आणि दुसरीकडं बी घेत नाहीत. पोरगी पहिलीत हाय तुझी." त्यांनी माझ्या कपावर बशी झाकली, जणू चहाच तेवढा महत्त्वाचा होता. "मी बी लेव्हल बनवायची आधी. तुला माहीत नसंल. अडतीसची होते. सगळ्यांसमोर एक बार म्हणलं, हे मला जमंना. खरं ते सांगितलं, बस. लई हसले. सोमवारी मला टेस्टिंगला बसवलं. अठरा वर्षं झाली. तवाची माणसं कोणीच ऱ्हायली नाहीत या लाइनीत, कुणाला सांगू हे?"

मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. गेले काही आठवडे ही बाई माझं हसं आपल्या अंगावर घेत होती आणि मी तिच्यावर 'मंद' असं लिहून ठेवलं होतं.

मीटिंगमध्ये मी कागद बाहेर काढलाच नाही. पडद्यावर दरी लावली, कंट्रोलर घेतला आणि सगळ्यांसमोर उडी मारली. पडलो. पुन्हा मारली, पडलो. सातव्यांदा पडलो तेव्हा मी म्हटलं, "एकशे अकरा. मला ही उडी कधीच जमलेली नाही. मी चोरवाटेनं जाऊन सही केली होती."

साईतेजा टेबलाकडं बघत होता. डायरेक्टर बाई अक्कांकडे वळल्या. "पण तुम्हाला काल जमली ना? दाखवा बघू."

अक्का उठल्या, माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि चष्मा बदलला. राजकुमार धावला आणि दरीत पडला.

दोन्ही लेजंड पडलेले बघून डायरेक्टर बाईंना दरीकडेच बघावं लागलं. दरी लहान करायचं ठरलं. माझी नोकरी राहिली, नुसती कानउघाडणी झाली. आणि ज्या बाईनं हीच चूक पाच वेळा लिहून दिली, तिला सोडायचं नाही, असं बाईंनीच सांगितलं. कंत्राट वर्षभरानं वाढलं.

ऑफिसात अजून म्हणतात, आंटींना त्या दिवशी उडी चुकून लागली होती. मीही कुणाला सांगितलेलं नाही. पण मीटिंगमध्ये मी त्यांच्या अगदी शेजारी बसलो होतो. राजकुमार बुरुजाच्या टोकाला आला तेव्हा अक्कांचा अंगठा बटणावर नव्हता. तो त्यांनी नुसता वर धरून ठेवला होता.