त्याच नावाचे दुसरे

झरी येथील शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून नव्यानेच रुजू झालेल्या शिवशंकर यांना राहावयास खोली मिळता मिळेना. अखेरीस गोजरबाईंनी मागील अंगणातील बंद खोली उघडून दिली. बाईंनी गाव विचारले नाही की पगार विचारला नाही. केवळ नाव विचारले आणि ते ऐकताच समाधानाने किल्ली पुढे केली. त्याच सायंकाळी शिवशंकर यांची आई सामानासह येणार होती. ही खोली हातची गेली असती, तर तिला उतरविण्यास दुसरे छप्पर नव्हते.

शाळेच्या बेसबॉल संघाचे उद्घाटन दुसऱ्याच दिवशी होते व अमेरिकेच्या राजधानीतील संघांचा इतिहास या विषयावर त्यांना भाषण करावयाचे होते. तिन्हीसांजेला वीज गेली. तेव्हा ते अंधारातच, अत्यंत गंभीर स्वरात पाठांतर करू लागले.

"पहिले गेले. लगोलग त्याच नावाचे दुसरे आले. शेवटच्या दिवशी माणसे आत घुसली, हाती लागेल ते उपटून नेले. दुसरेही गेले. तदनंतर कितीतरी वर्षे ती जागा ओस पडली."

बाहेर काहीतरी खणकन पडले. दार उघडून पाहतात तो गोजरबाई उभ्या, आणि पायाशी तांब्या गडगडत होता.

"सर, तुमाला हे कुणी सांगितलं?" बाईंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होता.

हे खेळाचे संघ असून 'गेले' म्हणजे दुसऱ्या शहरी गेले, असे शिवशंकर यांनी घाईने समजाविले. तिसरा संघ मात्र निराळ्या नावाने आला व आजतागायत टिकून आहे, हेही सांगितले. बाईंच्या जिवात जीव आला.

"मंग ठीक. मला वाटलं, आमच्या खोलीचंच सांगायलाय."

"खोलीचं काय?"

"हितं पहिले किशनराव होते. ते गेले. मंग दुसरे आले, तेबी किशनरावच. तेबी गेले."

"गेले म्हणजे, बदली होऊन ना?"

"पहिले बदलीनं." बाईंनी तांब्या उचलला. "म्हणून तं तुमाला आदी नाव इचारलं. तुमचं येगळं हाय. तुमाला काय व्हत न्हाई."

शिवशंकर यांनी मागे वळून पाहिले. खुंटीवरचा जुना सदरा, जो त्यांचा नव्हता, वारा नसताना हलत होता.

इतक्यात फाटकाशी ऑटो थांबला आणि अंधारातून त्यांच्या आईने, लहानपणापासून मारीत आली तीच हाक मारली.

"आरं किशन, कुठं हायस बाबा?"

गोजरबाईंनी एकवार त्यांच्याकडे, एकवार सदऱ्याकडे पाहिले, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.