सांडूंच्या घरचा थायलंड वर्ग

पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या बद्रीनाथ सांडूंनी एका रविवारी चहा पिता पिता थायलंडला जायचं ठरवलं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. माणूस काशीला निघाला तर लोक पाया पडतात. दुबई म्हटलं तर खजूर आणायला सांगतात. पण साठी ओलांडलेल्या गृहस्थानं उस्मानपुऱ्यात भर रस्त्यात उभं राहून 'बँकॉक' म्हटलं, की समोरचा आधी इकडेतिकडे बघतो आणि मग हसतो. दूधवाला हसला. बँकेतला कॅशियर हसला. देवळातले पुजारीसुद्धा हसले (आणि ग्रुपमध्ये अजून एखादी जागा आहे का, ते हळूच विचारून गेले).

घरात मात्र कुणी हसलं नाही. मनकर्णाबाईंनी हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि नवऱ्याकडे न बघताच सांगितलं, "मी येत नाय. अन् मी नाय तं तुमी बी नाय."

पस्तीस वर्षांच्या संसारात या वाक्यावर अपील झालेलं नव्हतं. बायको हो म्हणाली तरच थायलंड, एवढं बद्रीनाथरावांना कळून चुकलं. मग त्यांनी सरकारी डोकं चालवलं. थायलंड म्हणजे लोकांना वाटतं तसलं काही नाही, तो अत्यंत सभ्य, देवधर्मी लोकांचा देश आहे, हे घरात पटवून द्यायचं. टूरवाल्यानं 'पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी' म्हणून एक पुस्तिका दिली होती. ती त्यांनी लाल पेन्सिलीनं खुणा करत तीनदा वाचली आणि रोज सकाळी घरात वर्ग सुरू केला. विद्यार्थिनी दोन, बायको आणि मुलगी तनुजा.

"मुद्दा क्रमांक एक. तिथं कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. डोकं पवित्र."

"बरं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मग आजपासनं तुमच्या डोक्याला तेल तुमचं तुमीच लावा."

"मुद्दा दोन. पाय कुणाकडे करून बसायचं नाही. मुद्दा तीन. ते लोक उजव्या हातात चमचा धरतात, डाव्या हातात काटा. काट्यानं घास चमच्यात ढकलायचा."

तिसरा मुद्दा त्यांनी ज्वारीच्या भाकरीवर करून दाखवला. भाकरी चमच्यात गेली नाही, ती फ्रिजखाली गेली.

चौथा मुद्दा भिक्खूंचा होता. त्यांना बाईमाणसानं स्पर्श करायचा नाही, वस्तू हातात द्यायची नाही, समोर कापडावर ठेवायची. आणि दुपारी बारानंतर ते जेवत नाहीत. "विद्यापीठामागच्या लेण्यांवर भन्ते असतात, तसेच तिथं गल्लोगल्ली. बायका पहाटे उठून भात शिजवतात अन् दारातून त्यांच्या पात्रात वाढतात. आणि गंमत ऐक, तिथं चांगला संसारी माणूससुद्धा थोडे दिवस मुंडण करून भिक्खू होतो आणि परत घरी येतो. त्याचं पुण्य घरच्यांना."

"म्हंजी बाया शिजवणार अन् तुमी फिरणार," मनकर्णाबाईंनी सार काढलं. "इथं वेगळं काय चाललंय?"

वर्ग असा चालला असताना मध्येच बद्रीनाथराव तिरुपतीला जाऊन आले. पेन्शनची फाईल हलली तर केस देईन, असा नवस होता, आणि फाईल हलली होती. परतले ते तुळतुळीत गोटा आणि दोन भगवी वस्त्रं घेऊन.

त्याच आठवड्यात युसूफभाई आले. हे त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. औरंगपुऱ्यात त्यांचं हिमरू शालींचं दुकान. म्हणाले, "बद्रीभाई, मेरे यहाँ थायलंडची एक मास्तरीणबाई आलीय. रिटायर्ड. अजिंठा-वेरूळ बघायला आली अन् दोन शाली घेऊन गेली. लई शरीफ औरत. उद्या जेवायला घेऊन येऊ क्या?"

मनकर्णाबाईंनी आतून सांगितलं, "आणा. आधी माणूस बघते, मग देशाचं ठरवते."

म्हणजे सगळी मदार आता या एका जेवणावर आली. बद्रीनाथरावांनी रात्रभर मुद्दे घोकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता युसूफभाई पाहुणीला घेऊन आले. नाव सोमजाई. वय साठ-बासष्ट, अंगानं बारीक, चेहऱ्यावर हसू. दाराबाहेर चपला काढून त्यांनी सगळ्यांना हात जोडले. "सोमजाई? हे तं देवीचं नाव हाय," म्हणून मनकर्णाबाई निम्म्या तिथंच विरघळल्या.

बद्रीनाथराव कॉटवर मांडी घालून बसले होते. पाहुणीला आपला पारंपरिक पोशाख दिसावा म्हणून त्यांनी तिरुपतीची भगवी लुंगी नेसली होती, भगवं उपरणं घेतलं होतं, आणि एप्रिलच्या उकाड्यात ते एका खांद्यावरून घसरलं होतं. वर ट्यूबलाईट, खाली गोटा. पाहुणीच्या डोक्याला चुकून हात लागू नये म्हणून त्यांनी अंगही चोरून घेतलं होतं.

सोमजाईबाईंनी त्यांना पाहिलं. त्यांचं हसू एकदम गंभीर झालं. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि फरशीला कपाळ टेकवून त्यांनी तीनदा नमस्कार केला.

बद्रीनाथरावांचा ऊर भरून आला. आयुष्यात शिपायानंसुद्धा त्यांना असा मान दिला नव्हता. घोकलेले सगळे मुद्दे विसरून त्यांनी उजवा हात वर केला आणि आशीर्वाद दिला.

पाहुणी मग खाली सतरंजीवर बसली आणि तनुजाला इंग्रजीत म्हणाली, "यांनी केस धर्मासाठी दिले ना?"

"हो," तनुजा म्हणाली. खोटं काहीच नव्हतं.

"मोठं पुण्य. ते यांच्या पत्नीला लाभेल."

तनुजानं हे मराठीत सांगताच मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडे प्रथमच आदरानं पाहिलं.

ताटं वाढली. वांग्याचं भरीत, येसर आमटी, धपाटे, ठेचा, आमरस, वर युसूफभाईंनी आणलेली इमरती. बद्रीनाथरावांच्या पुढ्यात ताट येताच सोमजाईबाई दचकल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि काळजीच्या सुरात तनुजाच्या कानात काहीतरी विचारलं.

तनुजाचा चेहरा लाल झाला. हसू दाबत ती म्हणाली, "बाबा, त्या तुम्हाला भन्तेजी समजल्यात. बारा वाजून गेले, मग तुम्ही जेवताय कसे, असं विचारतायत."

"अगं, मग सांग की! सांग त्यांना, मी सांडू आहे म्हणून!"

तेवढ्यात मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावून दबक्या आवाजात हुकूम सोडला, "खबरदार! त्या माऊलीनं तीनदा डोकं टेकलंय. आता 'नाय बाई, हा साधा कारकून हाय' म्हणून तिला लाजवता व्हय? तसं केलंत तं थायलंड विसरा."

थायलंड! बद्रीनाथरावांनी आवंढा गिळला. पाहुणी जाईपर्यंत त्यांनी गिळलेला तो एकमेव पदार्थ. ताट उचललं गेलं. बायकोनं पाण्याचा पेला हातात न देता समोर रुमाल पसरून त्यावर ठेवला. वर्ग वाया गेला नव्हता.

"बद्रीभाई, सबर करो," धपाट्यावर लोणी घेत युसूफभाई म्हणाले. "सबर का फल मीठा," आणि त्यांनी इमरती तोंडात टाकली.

सोमजाईबाईंसाठी काटा-चमचा ठेवला होता. त्यांनी तो बाजूला सारला. आमच्याकडे चिकट भात असतो, तो हातानंच खातो, म्हणाल्या. मग ठेचा चाखला, डोळे मिटले आणि पुन्हा मागितला. त्यांच्या घरी रोज खलबत्ता चालतो. कच्ची पपई, मिरची, लसूण, शेंगदाणे त्यात कुटतात. हे ऐकून मनकर्णाबाई उठल्या आणि आपला खलबत्ता आणून दाखवू लागल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण मिरची किती आणि लसूण कधी, यावर अर्धा तास बोलणं झालं. ठेच्याला तिसऱ्यांदा हात घालणाऱ्या बाईला मनकर्णाबाईंनी तिथल्या तिथं बहीण मानलं.

निघताना सोमजाईबाईंनी मनकर्णाबाईंचे हात धरले. "बँकॉकजवळच्या आयुथयाला माझ्या घरी या. मी विमानतळावर घ्यायला येते."

"येते," मनकर्णाबाई म्हणाल्या.

बद्रीनाथरावांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. आला होकार! उपाशी पोटी का होईना, आला! पण सोमजाईबाईंचं बोलणं संपलं नव्हतं. तनुजानं त्याचं मराठी केलं, "बाबा, त्या म्हणतायत, घरात सगळ्या बायकाच आहेत. भन्तेजींना तिथं मुक्कामाला बोलावता येत नाही, त्याबद्दल क्षमा असावी."

पाहुणी गेल्यावर बद्रीनाथराव पातेल्यातला उरलेला आमरस चमच्यानं खरवडत म्हणाले, "मी हॉटेलात राहीन ना. तोवर केसही येतील."

"अन् ती विमानतळावर येईल तवा तुमी पँट-शर्टात उतरणार? माझं तोंड काळं करायचंय का?" मनकर्णाबाईंनी विषय मिटवला. "तुमी राहू द्या. तुमाला तिथलं सगळं पाठच हाय."

जूनमध्ये मनकर्णाबाई गेल्या. बरोबर युसूफभाईंची बायको कहकशा. बद्रीनाथरावांनी दहा दिवस स्वतःच्या हातानं खिचडी केली आणि दूधवाल्याला, कॅशियरला, पुजाऱ्यांना थायलंडची माहिती दिली. आता कुणी हसत नव्हतं. ज्याला मागे ठेवून बायको बँकॉकला गेली, त्या माणसाशी लोक फार जपून बोलतात.

मनकर्णाबाई परतल्या त्या उजळून. बॅग उघडली. तनुजाला रेशमी कापड. युसूफभाईंना लाकडी हत्ती. बद्रीनाथराव शेवटी उरले.

"तुमाला सोमजाईनं खास पाठवलंय," म्हणत त्यांनी एक पिवळीजर्द प्लास्टिकची बादली पुढे सरकवली. आत साबण, टूथपेस्ट, टॉर्च, डोकेदुखीच्या गोळ्या. "तिथं भन्तेजींना अशी भरलेली बादली दान देतात. लई भक्तीनं दिलीय बिचारीनं."

बद्रीनाथरावांनी बादली वर उचलून पाहिली. "बादली बाकी मजबूत आहे हं," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "फरशी पुसायला होईल तुला."

"छे, छे!" मनकर्णाबाईंनी दोन्ही कानांना हात लावले. "भन्तेजींच्या वस्तूला बाईमाणसाचा हात लागू नये. उद्यापासनं फरशी तुमीच पुसायची."