माहेरचा गाळ

आमच्या नंदनवन वस्तीत कोणी कूलर धुवायला काढला, की पाच मिनिटांत रामटेकेकाका बादली घेऊन दारात उभे. "फेकू नका गा! तो गाळ मले पाहिजे." लोक पाण्याच्या टँकरमागे धावतात, आमचे काका चिखलामागे. नव्या भाडेकरूंना वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. खोटं कशाला बोलू, आधी मलाही तसंच वाटायचं.

काकांनी नोकरीभर धरणं बांधली आणि निवृत्त झाल्यावर गच्चीवर नदी बांधली. एका टोकाला टाकीचा नळ, म्हणजे आपला विदर्भ; इथलं पाणी शेवटी गोदावरीलाच मिळतं. दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकचा टब, म्हणजे समुद्र. त्याच्या तोंडाशी गोदावरी जिथे फाटे फोडते, तो सगळा त्रिभुज प्रदेश आमच्या कूलरच्या गाळाचा. फरशीचे तुकडे म्हणजे धरणं. पाऊस वाढवायचा तर नळ मोठा, समुद्र चढवायचा तर टबात दोन मग जास्त. मग फूटपट्टी घेऊन काका उकिडवे बसायचे. मी म्हटलं, "वाचेल बहुतेक," की अंगावर यायचे. "मोजून बोल गा! मनानं नको बोलू."

वाचायची होती ती लाल रंगवलेली एक काडेपेटी. ते सुनंदाचं घर. काकांची ही एकुलती लेक तिकडे आंध्रात, नदीच्या मुखाजवळच्या गावात दिलेली. काकू गेल्यापासून काका इथे एकटेच. सुनंदाच्या विहिरीचं पाणी खारट व्हायला लागलं, तेव्हा तिनं विचारलं होतं, "बाबा, तुम्ही इंजिनियर, तुम्हीच सांगा. घरावर मजला चढवू की गाव सोडू?"

काकांचं उत्तर ठरलेलं. "आणखी एक प्रयोग करून सांगतो, बेटा." तीन उन्हाळे हेच चाललं. आम्ही चिडवायचो, "काका, तुमचा प्रयोग संपेपर्यंत नातू म्हातारा होईल." आता त्या चिडवण्याची लाज वाटते.

परवा माझ्या कूलरचा गाळ घेऊन वर गेलो. टबातलं पाणी काडेपेटीच्या दाराशी आलं होतं. काकांनी वरचा फरशीचा एक तुकडा काढून घेतला आणि नळ सोडला. अडलेला गाळ वाहत गेला, काडेपेटीपुढे थर बसला, पाणी मागे हटलं.

"वाचलं की काका! सांगून टाका तिला."

"हे धरण मी बांधलेलं हाय," ते म्हणाले. "इथं फरशी निघते. तिकडं भिंत निघन का?" मग तो तुकडा हातात फिरवत म्हणाले, "लेक माहेरून रिकाम्या हातानं जात नाई गा. आपण शिदोरी बांधून देतो. नदी बी इथून गाळ नेत होती, त्याच्यावरच तिचं गाव उभं हाय. ते शिदोरी म्याच अडवून ठेवली. कोन्या तोंडानं सांगू तिले?"

धरणानं इकडची शेतं भिजली, असं काहीतरी मी बोललो. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी फरशी परत लावली, टबात दोन मग ओतले. काडेपेटी कलंडली. ओल्या हातानंच त्यांनी फोन लावला.

"सुनंदा, मजला नको चढवू बेटा. सगळे इकडं या. वरची खोली रिकामीच हाय."

बराच वेळ ते नुसतं "हो, हो" करत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "नाई येत म्हणते. म्हातारे सासू-सासरे गाव सोडत नाईत. त्याइले टाकून कशी येऊ म्हणते."

मग त्यांनी काडेपेटी उचलली, शर्टाला पुसली, होती तिथेच ठेवली. मी आणलेल्या बादलीतून ओंजळभर गाळ काढून तिच्यापुढे हातानं थापला. मग आणखी एक ओंजळ. फूटपट्टी पायाशीच पडली होती. किती गाळ टाकला, ते त्यांनी मोजलं नाही.